पांझरेखालून पाईप टाकणारा इंजिनिअर पुढे भारतरत्न झाला, पण धुळ्यात त्याचं नाव घेतलं जातं भलत्याच कामासाठी

मे महिन्यात जळगावला किंवा धुळ्याला सरकारी कचेरीत कधी काम पडलंय का? बाहेर पारा ४५ च्या घरात. आत कूलर आहे, पण त्याचं गवत वाळलेलं आणि पंप बंद. डोक्यावर पंखा गरगरतोय, तो गरम हवाच खाली ढकलतोय. मग जून उजाडतो आणि त्याच कचेरीत छताखाली बादली येते. फायलींच्या गठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा कागद येतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, बांधकाम खात्याला कळवलंय.

जळगावात महापालिकेची सतरा मजली इमारत असो नाहीतर तालुक्याच्या गावातली कौलारू कचेरी असो, हे कळवणं काही चुकत नाही. इमारत उभी करायला फोटो असतात, फीत असते, कोनशिला असते. तिचं जुनं झालेलं छत, जुनी नळजोडणी, जुना कूलर बदलायला यातलं काहीच नसतं.

१८८४ साली खान्देशात हे कळवणं ज्या खात्याकडे जायचं, त्या मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात एक तरुण असिस्टंट इंजिनिअर नव्यानं रुजू झाला होता. वय तेवीसच्या आसपास. मैसूर संस्थानातून आलेला, पुण्यात शिकलेला. नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

तेच ते. ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो. कृष्णराज सागर धरण, म्हैसूर विद्यापीठ, भारतरत्न, हे सगळं त्यांच्या नावापुढे लागतं. रुळाच्या आवाजावरून पुढे रूळ तुटलाय हे ओळखून रेल्वे थांबवल्याची एक गोष्टही दर सप्टेंबरात व्हॉट्सॲपवर फिरते. ती खरी की खोटी हे बाजूला ठेवू. कारण त्यांची खरी गोष्ट खान्देशातल्या चिखलात सुरू होते, आणि ती त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलेली आहे.

धुळ्यात कुणालाही विचारा, विश्वेश्वरय्यांचा धुळ्याशी काय संबंध? उत्तर येईल की शहराची आखणी त्यांनी केली. सरळ रेषेतल्या एकमेकींना समांतर गल्ल्या, गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, अशी आकड्यांची नावं, पाच कंदीलपासून जाणारा आग्रा रोड. हे सगळं इतकं शिस्तीत आहे की यामागे एखादा मोठा इंजिनिअर असणार असं वाटतंच. इंटरनेटवर तर हे वाक्य कॉपी-पेस्ट होऊन होऊन गुळगुळीत झालंय.

पण तारखा लावून बघितल्या की गाडी अडते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला. तिथे नेमलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्यानं १८१९ मध्ये जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळं निवडलं. तेव्हाचं धुळं लहान होतं आणि लुटालुटीनं खचलेलं होतं. ब्रिग्जनं व्यापाऱ्यांना घरं बांधायला जागा दिल्या, करात सवलती दिल्या आणि जुन्या गावाशेजारी नवी पेठ वसवली. सरळ रस्त्यांचं धुळं तिथून सुरू होतं. १८८० च्या खान्देश गॅझेटिअरमध्ये या पेठेचं वर्णन आहे. विश्वेश्वरय्या नोकरीला लागले त्याच्या चार वर्षं आधी हे छापून झालं होतं. आणि ब्रिग्जनं धुळं निवडलं तेव्हा विश्वेश्वरय्यांचा जन्म व्हायला अजून चाळीस वर्षं होती.

म्हणजे विश्वेश्वरय्यांनी धुळ्यात काहीच केलं नाही का? केलं ना. फक्त ते वर दिसणारं काम नव्हतं.

आता थोडं मागं जाऊ. बंगळुरूच्या उत्तरेला, चिक्कबळ्ळापूरजवळ मुद्देनहळ्ळी नावाचं खेडं आहे. विश्वेश्वरय्या तिथले. जन्मसाल काही ठिकाणी १८६० दिलेलं असतं, काही ठिकाणी १८६१. वडील संस्कृतचे पंडित. ते लवकर गेले आणि घरची परिस्थिती बेताची झाली. पोरगं बंगळुरूला आलं, शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागवत शिकलं आणि १८८१ मध्ये सेंट्रल कॉलेजातून बीए झालं. मैसूर संस्थानानं शिष्यवृत्ती दिली आणि गडी पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंगला दाखल झाला. आजचं सीओईपी ते हेच.

१८८३ च्या परीक्षेत ते पहिले आले. तेव्हा पहिला नंबर आला की मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी मिळायची. १८८४ च्या सुरुवातीला ते रुजू झाले, आधी नाशिक आणि मग खान्देश.

तेव्हाचा खान्देश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून एकच अवाढव्य जिल्हा. मुख्य ठाणं धुळं. पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश अशी फाळणी झाली ती १९०६ मध्ये. धुळ्याला चाळीसगावहून रेल्वे आली तीही १९०० साली. त्यामुळे तेव्हा साहेब लोकांचा प्रवास घोड्यावरून, टांग्यातून किंवा बैलगाडीतून.

असिस्टंट इंजिनिअरच्या वाट्याला काय यायचं? रस्ते, पाट-बंधारे आणि सरकारी इमारतींची देखभाल. यातलं शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात न संपणारं. वीज नव्हती. कचेरी थंड ठेवायची म्हणजे उंच छत, जाड भिंती, चारी बाजूंनी व्हरांडा, दाराला वाळ्याचे पडदे आणि त्यावर पाणी मारायला माणूस. वर कापडी पंखा आणि तो दोरीनं ओढायला आणखी एक माणूस. कौलं असली तर दर पावसाळ्याआधी ती चाळायची, फुटलेली बदलायची. खान्देशातली साधी घरं तर धाब्याची. सपाट मातीचं छत, आणि पाऊस येण्याआधी त्यावर खारी माती पसरायची. एक वर्ष टाळलं की दुसऱ्या वर्षी घरात धार. थोडक्यात, इमारत म्हणजे दरवर्षी निगा मागणारी वस्तू, हे तिथल्या बाईमाणसांनाही पाठ होतं.

अशा खात्यात नव्या साहेबाला एक काम मिळालं. पांझरा नदीचं.

पांझरा उगवते सह्याद्रीत, पिंपळनेरच्या बाजूला. साक्री तालुक्यातून वाहत धुळ्याला येते आणि पुढे तापीला मिळते. या नदीवर शेकडो वर्षांपासून लहान लहान बंधारे आहेत आणि त्यावर चालते ती फड पद्धत. ज्यांनी हे नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, बंधाऱ्याखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटायची. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फड बदलायचा. पाणी सोडायला पाटकरी ठेवायचा, पाटाची डागडुजी सगळ्यांनी मिळून करायची. कुणाचा ऊस जास्त म्हणून त्याला पाणी जास्त, असं चालायचं नाही. सरकारी इरिगेशन खातं जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून पांझरेकाठची माणसं हे करत होती.

तर या पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाईपचा सायफन टाकायचा होता. साक्री तालुक्यातल्या दातर्ती गावाजवळचं हे काम.

सायफन म्हणजे काय ते समजून घेऊ. पाटाचं पाणी नदीच्या पलीकडे न्यायचंय. पूल बांधून वरून नेता येतं, पण त्याला खर्च येतो आणि पुरात पूल जातो. मग पाईप नदीच्या तळाखालून न्यायचा. पाणी एका बाजूनं खाली उतरतं, तळाखालून जातं आणि दुसऱ्या बाजूनं आपसूक वर चढतं. पंप लागत नाही. अट एकच, पलीकडचं तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा किंचित खाली हवं. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी बघतात ना, त्यामागचं तत्त्व हेच.

कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात नदीचं पात्र खोदायचं, पाईप बसवायचा, तो पुन्हा झाकायचा, आणि हे सगळं पूर यायच्या आत उरकायचं. विश्वेश्वरय्यांना हे काम मिळालं ते ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. पाऊस लागला. नदी फुगली. खोदलेला भाग वाळूनं भरला. पुन्हा उपसला, पुन्हा भरला. खर्च वाढत चालला.

तरुण इंजिनिअरनं वरिष्ठ साहेबाला लिहून कळवलं की पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावं. तांत्रिकदृष्ट्या यात चूक काहीच नव्हती. पण साहेबाला वाटलं, नवा पोरगा काम टाळतोय. उलट पत्र आलं. त्याचा सूर असा की हा आज्ञा पाळण्यातला माणूस दिसत नाही.

इथे गोष्ट कुठेही जाऊ शकली असती. नोकरी नवी, अंगावर जबाबदारी, घरी पैसा नाही. तेव्हाच्या खात्यात वरच्या सगळ्या खुर्च्या इंग्रजांच्या. हिंदी माणसाच्या नोंदवहीत सुरुवातीलाच असा शेरा पडला की तो निवृत्तीपर्यंत पुसला जात नसे. विश्वेश्वरय्यांनी भांडण केलं नाही आणि गप्पही बसले नाहीत. त्यांनी कळवलं की काम पुढे चालू ठेवतो, आणि खरंच ठेवलं. छावणी नदीकाठी हलवली. एकदा पलीकडे कामावर गेले असताना नदीला पूर आला आणि परतीची वाट बंद झाली. तेव्हा ते पुरातून पोहत अलीकडे आले.

काम पुरं झालं. पाणी पलीकडे चढलं. त्याच साहेबानं मग त्यांच्या कामाची चांगली नोंद केली.

या प्रसंगाकडे दोन तऱ्हांनी बघता येतं. शाळेच्या पुस्तकात तो जिद्दीची कथा म्हणून येतो. पण नीट बघितलं तर तो सरकारी व्यवस्थेचाही नमुना आहे. जागेवरच्या माणसाला परिस्थिती कळत होती, हुकूम मात्र दूरच्या टेबलावरून येत होता. काम पुरं झालं म्हणून साहेबाचा हट्ट बरोबर ठरत नाही. पुढे आयुष्यभर विश्वेश्वरय्या आकडे, नोंदी, मोजमापं यांच्यावर इतके अडून राहिले, त्याचं मूळ बहुतेक इथेच असावं. लेखी पुरावा हातात नसला की वरचा साहेब काय समजतो, हे त्यांनी पहिल्याच कामात बघितलं होतं.

खान्देशातच त्यांनी धुळे शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामातही हात घातला. म्हणजे धुळेकरांना त्यांचे आभार मानायचेच असतील तर गल्लीत उभं राहून मानण्यापेक्षा नळासमोर उभं राहून मानावेत.

इथून पुढे त्यांची कारकीर्द बघितली की एक गोष्ट ध्यानात येते. कृष्णराज सागरच्या आधीची त्यांची जवळजवळ सगळी मोठी कामं दुसऱ्यानं बांधलेलं, जुनं झालेलं, अपुरं पडणारं काहीतरी सुधारण्याची आहेत. आणि त्यातली बरीचशी नगरपालिकांची आहेत. ज्यांच्या तिजोरीत खडखडाट असतो, त्यांची.

१८९४ मध्ये त्यांना सिंधमधल्या सक्करला पाठवलं गेलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सक्कर नगरपालिकेला सिंधू नदीचं पाणी शहराला द्यायचं होतं, पण पाणी इतकं गढूळ की पिववत नसे. गाळण्याच्या टाक्या बांधायला पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच काठाजवळ विहीर खोदली. नदीचं पाणी वाळूतून झिरपत विहिरीत येऊ लागलं, आणि येता येता आपोआप गाळलं जाऊ लागलं. वाळू हीच गाळणी. तिथून पाणी पंपानं टेकडीवरच्या टाकीत चढवलं आणि गावात सोडलं. नदीत झिरा खोदून पाणी भरणाऱ्या खान्देशातल्या बायकांना यात नवल वाटलं नसतं. नवल होतं ते अख्ख्या शहराच्या मापानं तेच करून दाखवण्याचं.

मग सुरत, मग पुणे. पुण्यात रानडे, गोखले, टिळक यांच्याशी ओळख झाली. १८९८ मध्ये ते जपान बघून आले आणि तिथल्या उद्योगांनी आणि शाळांनी भारावून गेले. १८९९ मध्ये पुण्याच्या पाटबंधाऱ्यांचं काम त्यांच्याकडे आलं.

तेव्हा नीरा कालव्यावर ज्याची जमीन कालव्याजवळ तो पाण्याचा राजा, असा कारभार होता. ऊस वाढला, पाणी वाया जाऊ लागलं, जमिनी चिबडायला लागल्या आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडाच राहिला. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. लाभक्षेत्राचे गट पाडायचे, गटातल्या ठरावीक हिश्श्यातच ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, आणि पाळी फिरती ठेवायची. शेतकऱ्यांनी आधी विरोध केला, मग हळूहळू स्वीकारलं. इरिगेशनच्या पुस्तकांत ही त्यांची मोठी कामगिरी म्हणून नोंदली जाते आणि ती आहेच. पण ज्यानं पांझरेकाठची फड पद्धत बघितलीय त्याला हे ओळखीचं वाटल्याशिवाय राहणार नाही. जमिनीचे भाग, ठरलेली पिकं, फिरती पाळी. पंधरा वर्षांपूर्वी याच नदीत हा माणूस गुडघाभर वाळूत उभा होता.

आता येतो तो सगळ्यात भारी विषय. खडकवासला.

पुण्याला आणि छावण्यांना पाणी देणारं खडकवासल्याचं दगडी धरण १८७९ च्या सुमारास पुरं झालं होतं. वीस वर्षांत पाणी अपुरं पडायला लागलं. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात पुण्यात बोंब व्हायची. सरळ उपाय म्हणजे भिंत उंच करा. पण जुन्या भिंतीवर नवं ओझं टाकायचं म्हणजे पायापासून सगळं मजबूत करायचं. त्याला पैसाही अफाट आणि वेळही अफाट.

विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात लावला नाही. त्यांनी सांडव्यावर लोखंडी दारं बसवली, आणि तीही अशी की ती उघडायला-मिटायला माणूस लागू नये. दारांना वजनं जोडलेली. तलावाचं पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की पाण्याच्याच भारानं तोल बदलायचा आणि दारं आपोआप उघडायची. पाणी उतरलं की आपोआप मिटायची. रात्री-अपरात्री पूर आला तरी चौकीदाराला उठवायची गरज नाही. धरणाची उंची न वाढवता साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. हे घडलं विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, जेव्हा ऑटोमॅटिक हा शब्दही मराठीत रुळला नव्हता.

या दारांचं पेटंट त्यांच्या नावावर झालं. पण रॉयल्टी त्यांनी नाकारली. सरकारी नोकरीत असताना, सरकारी कामासाठी केलेली गोष्ट, तिचे वेगळे पैसे कसले घ्यायचे, असा त्यांचा हिशोब. पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराज सागरवरही हीच दारं बसली.

१९०४ मध्ये ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर झाले. या खुर्चीवर बसलेले पहिले हिंदी माणूस. आता इलाखाभरातल्या नगरपालिकांचं पिण्याचं पाणी आणि गटारं त्यांच्या टेबलावर आली. १९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवलं गेलं. तेही तेव्हा मुंबईच्या कारभाराखाली होतं. तिथेही कोरड्या नदीच्या वाळूत विहिरी घ्या, हाच त्यांचा सल्ला. सक्करची विहीर अरबस्तानात पोचली.

आणि इथेच त्यांची मुंबई सरकारातली वाट संपली. चीफ इंजिनिअरची जागा हिंदी माणसाला मिळण्याची शक्यता नव्हती. कितीतरी ज्येष्ठांना ओलांडून ते सुपरिंटेंडिंग इंजिनिअरपर्यंत पोचले होते आणि त्यावरूनही खात्यात कुरबुर होती. त्यांनी १९०८ मध्ये नोकरी सोडली. पन्नाशीही झाली नव्हती. पूर्ण पेन्शनला लागणारी वर्षं भरली नव्हती, तरी सरकारनं त्यांना पेन्शन दिली, यावरून काय ते समजावं.

ते युरोपात फिरत असताना सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुरानं हैदराबाद बुडालं. हजारो माणसं गेली. निजामाच्या सरकारनं त्यांना बोलावलं. १९०९ मध्ये त्यांनी शहराच्या वर धरणं बांधून पूर अडवण्याचा आणि शहराखाली नवी गटारं घालण्याचा आराखडा दिला. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यातून आले.

यापुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे पटकन. १९०९ च्या अखेरीस मैसूरचे चीफ इंजिनिअर. १९११ मध्ये कृष्णराज सागरचं काम सुरू, सिमेंटऐवजी चुना आणि सुरखी वापरून. १९१२ मध्ये मैसूरचे दिवाण. १९१३ मध्ये बँक ऑफ मैसूर, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ. चंदनाचा साबण, भद्रावतीचा लोखंड कारखाना.

पण एक गोष्ट पटकन पुढे ढकलता येणार नाही. १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडलं, त्यामागे आरक्षणाचा प्रश्न होता. मैसूरमध्ये सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचा भरणा होता. मागास समाजांना जागा मिळाव्यात म्हणून महाराजांनी न्यायमूर्ती मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना हे मान्य नव्हतं. नोकरी गुणवत्तेवरच मिळावी, शिक्षण सगळ्यांना द्यावं, पण जागा राखून ठेवू नयेत, अशी त्यांची भूमिका. महाराज ठाम राहिले आणि दिवाण बाहेर पडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी ५० टक्के जागा मागासांसाठी राखल्या त्याला तेव्हा सोळा वर्षं होऊन गेली होती. ज्या माणसाला स्वतःला वंशामुळे वरची खुर्ची नाकारली गेली, त्याला जातीमुळे खुर्ची नाकारली गेलेल्यांचं म्हणणं पटलं नाही. पाण्याच्या पाळीत शेवटच्या टोकाचा शेतकरी त्यांना दिसला होता, नोकऱ्यांच्या पाळीत दिसला नाही. अभियंता दिनाच्या पोस्टमध्ये हे येत नाही, पण हे त्यांच्या आयुष्यातलंच आहे.

दिवाणपद गेलं तरी माणूस बसला नाही. १९२४-२५ मध्ये त्यांना मुंबई महापालिकेनं बोलावलं. बोरीबंदरासमोरची घुमटाची मुख्यालयाची इमारत १८९३ मध्ये पुरी झाली होती. दिमाख होता, खर्चही दिमाखदार होता. तो कुठे कापता येईल हे बघायला विश्वेश्वरय्या आले. देशभरातल्या नगरपालिका आणि संस्थानं त्यांना अशीच बोलावत राहिली. धरण बांधणारा माणूस म्हणून जितकं बोलावणं आलं, तितकंच हिशोब तपासणारा माणूस म्हणूनही आलं. १९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, तेव्हा पंचवार्षिक योजना हा शब्द आपल्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता. गंगेवर मोकामाजवळ पूल कुठे बांधावा याचा सल्ला दिला तेव्हा नव्वदी ओलांडली होती. १९५१ मध्ये आठवणींचं पुस्तक आलं, त्यात पांझरेचा तो पावसाळा आहे. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं.

खान्देशात ते फार काळ राहिले नाहीत. नंतर पूर्व खान्देशाचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिम खान्देशाचा धुळे झाला, १९९८ मध्ये त्यातून नंदुरबार निघाला. पांझरेवर साक्री तालुक्यातच अक्कलपाड्याचं धरण झालं. फडाचे कितीतरी बंधारे गाळानं भरले, काही ठिकाणी पाटकरी अजून आहे. आणि धुळ्याच्या गल्ल्यांचं श्रेय ब्रिग्जकडून विश्वेश्वरय्यांकडे कधी सरकलं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

१२ जुलै १९६१ ला पुण्याजवळ पानशेतचं नवं धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्यावर आदळला आणि जुनं दगडी धरणही फुटलं. अर्धं पुणं पाण्याखाली गेलं. ज्या सांडव्यावर साठ वर्षांपूर्वी आपोआप उघडणारी दारं बसली होती, त्याच धरणाची ही गत झाली तेव्हा शंभरीला पोचलेले विश्वेश्वरय्या बंगळुरूत हयात होते. नऊ महिन्यांनी, एप्रिल १९६२ मध्ये, ते गेले. अंत्यसंस्कार मुद्देनहळ्ळीत झाले. खडकवासल्याची फुटलेली भिंत पुढे पुन्हा बांधून काढली गेली, आणि पुण्याच्या नळाला आजही तिथलंच पाणी येतं.